वाचक विचारतात : जुनी फ्रेंच चिनी माती, आणि शिक्का सगळ्यात शेवटी का पाहावा

मास्त्रिख्त, पॅरिस, ब्रसेल्स इथल्या पुराणवस्तूंच्या जत्रांवर आम्ही लिहिलं, तेव्हा त्यांत फ्रेंच मातीकामाच्या दालनांचा ओझरता उल्लेख होता. बहुतेक पत्रं नेमकी त्या उल्लेखावरच आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. तोच प्रश्न अनेकांनी विचारला असेल तर एकच पत्र छापलं आहे.

मार्चमध्ये मास्त्रिख्तची टेफाफ जत्रा पाहायला जाणार आहोत. विकत घ्यायची ऐपत नाही. कपाटात थाळ्या, सुरया, सूपची भांडी मांडलेली असतात, पण पाहायचं नक्की काय? आणि घ्यायचं नसताना "हातात द्या" म्हणणं बरं दिसतं का?
*— एक वाचक, द हेग*

बरं दिसतं, फक्त वेळ साधा. सुरुवातीचे दिवस निमंत्रितांचे आणि संग्राहकांचे असतात. तेव्हा विक्रेत्याचं लक्ष तुमच्याकडे नसणारच. नंतरच्या एखाद्या कामाच्या दिवशी, दालन रिकामं असताना जा आणि "हातात द्या" म्हणण्याऐवजी "तळ दाखवाल का?" असं विचारा. समोरचा माणूस खुलतो, कारण किंमत विचारणारे पुष्कळ असतात, तळ विचारणारे कमी.

हातात घ्यायची वेळ आली तर अंगठ्या, घड्याळ, लांब साखळी आधी काढा, झोळी खाली ठेवा. वस्तू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात कधीच जात नाही. विक्रेता ती टेबलावर ठेवतो, हात काढतो, मग तुम्ही उचलायची. परत देतानाही तसंच. झाकण आधी वेगळं करून ठेवायचं. कान, मूठ, चोच यांना धरून उचलायचं नाही, कारण दुरुस्त्या बहुतेक तिथेच केलेल्या असतात. आणि टेबलापासून वीतभर उंचीपेक्षा वर न्यायचं नाही.

पाहताना आधी चार पावलं मागे उभं राहून आकार पाहा. अठराव्या शतकाच्या आरंभीची बरीच फ्रेंच भांडी चांदीच्या भांड्यांची नक्कल आहेत. 1709 साली स्पेनच्या वारसायुद्धाचा खर्च भागवायला चौदाव्या लुईने दरबाऱ्यांची चांदीची ताटं-भांडी टांकसाळीत वितळवायला मागवली आणि खानदानी टेबलांवर मातीची भांडी आली. म्हणून त्या मातीच्या भांड्यांना चांदीसारख्या पन्हळी, कंगोरे, नक्षीदार कडा दिसतात. त्यानंतर जवळ जाऊन कड पाहा, मग तळ, आणि लेबल सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की डोळे लेबलात लिहिलेलंच पाहायला लागतात.

फायान्स आणि पोर्सिलेन यांत फरक काय? दोन्ही पांढरीशुभ्र, चकचकीत. पुस्तकात "कच्चं" आणि "पक्कं" पोर्सिलेन असंही वाचलं, त्याने गोंधळ वाढला.
*— एक वाचक, पुणे*

फायान्स आतून पांढरं नसतं. माती साधी, भाजल्यावर पिवळसर किंवा तांबूस होणारी. तिच्यावर शिसं आणि कथलाच्या ऑक्साइडचा ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, चढवतात. कथलामुळे तो दुधासारखा अपारदर्शक होतो आणि खालची माती झाकतो. कडेला बारीकसा टवका उडालेला असेल तर आतला बिस्किटी रंग लगेच दिसतो. टवका नसला तरी ओठाच्या धारदार कडेवर ग्लेझ भाजताना मागे सरकतो आणि तिथे तपकिरी रेघ उमटते.

रंगवायच्या दोन पद्धती आहेत, आणि ओळख पटवायला याच सर्वांत उपयोगी पडतात. पहिलीत भांडं एकदा भाजून ग्लेझच्या पाण्यात बुडवतात. पाणी शोषलं जाऊन वर पिठासारखा कोरडा थर राहतो. त्या पिठावर कुंचल्याने चित्र काढून सगळं एकत्र साधारण 900 ते 1000 अंशांवर भाजतात. पीठ रंग तत्काळ ओढून घेतं, त्यामुळे खोडायची सोयच नाही. त्या उष्णतेत टिकणारे रंगही मोजके : कोबाल्टचा निळा, मँगनीजचा जांभळट, तांब्याचा हिरवा, अँटिमनीचा पिवळा आणि मोठ्या कष्टाने लोहाचा लाल. रूआँच्या भांड्यांवरचा तो विटकरी लाल हाताला जाडसर, किंचित उठलेला लागतो. नव्हेर, रूआँ, मूस्तिए ही गावं या "मोठ्या आचे"च्या कामाची. दुसऱ्या पद्धतीत पांढरं भांडं पूर्ण भाजून, वर रंगवून, बंद पेटीच्या भट्टीत साधारण 700 ते 800 अंशांवर पुन्हा भाजतात. इथे सोन्यापासून केलेला गुलाबी जमतो. स्ट्रासबुर्गला पोल आनोंच्या कारखान्यात आणि पुढे मार्सेयला अठराव्या शतकाच्या मध्यावर हे काम भरात आलं. म्हणजे लेबलवर "रूआँ, 1710" आणि थाळीवर गुलाबी गुलाब असतील, तर विक्रेत्याला शांतपणे प्रश्न विचारायला हरकत नाही.

पोर्सिलेन आरपार एकाच मातीचं असतं आणि उजेडासमोर धरलं की त्यातून उजेड झिरपतो. पक्क्या पोर्सिलेनला केओलिन नावाची पांढरी माती लागते. फ्रान्सला ती 1768च्या सुमारास लिमोजजवळ सँतिरिए इथे सापडली. तोवर सँ-क्लू, शाँतिई, मेनसी, वँसेन इथले कारागीर केओलिनशिवाय काम भागवत होते : वाळू, सोरा, मीठ, सोडा, तुरटी, जिप्सम एकत्र वितळवून केलेल्या काचेची पूड आणि तिच्यात चुनखडीची माती. हेच कच्चं, म्हणजे मऊ पोर्सिलेन. या मिश्रणाला लवचीकपणा जवळजवळ नाही, चाकावर घडवणं त्रासाचं, भट्टीत अर्धा माल वाकडा व्हायचा. पण त्याच्या शिशाच्या ग्लेझमध्ये रंग बुडतात, लोण्यात उतरल्यासारखे. पक्क्या पोर्सिलेनवर ते वर कोरडे बसलेले दिसतात. आमच्या मते फ्रेंच मातीकामात त्या बुडालेल्या रंगासारखं दुसरं काही नाही. पक्कं पोर्सिलेन टिकाऊ, शिस्तीचं आणि थोडं थंड.

घरी एक निळी-सोनेरी कप-बशी आहे. खाली एकमेकांत गुंफलेले दोन एल आणि मध्ये "डी". इंटरनेटवर शोधलं तर सेव्र, 1756 असं निघालं. बशीवर एका राणीचं चित्र आहे. किंमत किती असेल?
*— एक वाचक, मुंबई (याच धर्तीची आणखी अनेक पत्रं आहेत)*

किंमत छायाचित्रावरून सांगणार नाही. पण 1756 फार करून नाही, आणि याचं पहिलं कारण ती राणीच आहे.

1740 साली वँसेनच्या किल्ल्यात कारखाना निघाला, 1756 साली सेव्रला हलला आणि 1759 साली पंधराव्या लुईने तो पूर्ण विकत घेतला. गुंफलेले दोन एल म्हणजे राजाची मुद्रा. 1753पासून मध्ये वर्षाचं अक्षर येऊ लागलं : ए म्हणजे 1753, डी म्हणजे 1756, झेड म्हणजे 1777, पुढे दुहेरी अक्षरं, 1793च्या पीपीपर्यंत. शेजारी चित्रकाराची आणि सोनेरी काम करणाऱ्याची खूण. हे सगळं छापील यादीत मिळतं, तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या नकलाकारांकडेही ती यादी होतीच. शिक्का ही नक्कल करायला सगळ्यात सोपी गोष्ट.

म्हणून आधी माती. 1756ची सेव्र वस्तू मऊ पोर्सिलेनचीच असायला हवी; सेव्रला पक्कं पोर्सिलेन 1769-70च्या सुमारास सुरू झालं आणि अठराव्या शतकात त्या पक्क्या मालावर दोन एलच्या डोक्यावर मुकुट काढत. पायाच्या कडेला उघडी माती दिसत असेल तर भिंगाने पाहा. मऊ पोर्सिलेनचा टवका साखरेसारखा रवाळ दिसतो, पक्क्याचा काचेसारखा, शिंपल्याच्या आकारात निघालेला. सुरीने ओरखडून पाहायचा जुना उपाय कोणी सांगितला तर करू नका. परीक्षा होईल आणि वस्तू जाईल.

मग रंग आणि वर्ष यांचा मेळ. फिरोजी आकाशी पार्श्वभूमी 1753पासून, गुलाबी 1757च्या सुमारास. 1755च्या अक्षराखाली पूर्ण गुलाबी कप असेल तर दोन्हींपैकी एक खोटं. हिरव्याचं तर फारच सोपं आहे. क्रोमियम हे मूलद्रव्य व्होक्लँ या रसायनशास्त्रज्ञाने 1797 साली शोधलं, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाआधीच्या हिरव्यात क्रोमियम असूच शकत नाही. तोवरचा हिरवा तांब्याचा. हातात धरायचं क्ष-किरण यंत्र वस्तूला न खरवडता अर्ध्या मिनिटात क्रोमियम दाखवतं. कित्येक "पोंपादूर काळातल्या", म्हणजे पंधराव्या लुईच्या प्रेयसीच्या काळातल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या, थाळ्या इथेच बाद होतात.

सोनंही बोलतं. अठराव्या शतकात सोन्याची पूड मधात घोटून लावत, भाजत आणि मग अणकुचीदार हत्याराने त्यावर कोरीवकाम करत. ते जाड, थोडं मंद असतं. तिरप्या उजेडात कोरलेल्या रेघा दिसतात. एकोणिसाव्या शतकातलं द्रवरूप सोनं पातळ, पितळेसारखं चमकणारं, आणि कडेवरून झिजलेलं.

सगळ्यात अवघड प्रकरण मात्र वेगळंच आहे. 1800 साली संचालक झालेल्या आलेक्सांद्र ब्रोंन्यारने मऊ पोर्सिलेन बंद केलं आणि कोठारात पडून असलेला न रंगवलेला माल विकून टाकला. पॅरिस आणि इंग्लंडमधल्या रंगाऱ्यांनी तो घेऊन त्यावर भारी निळे-गुलाबी थर, मदनबाळं, फुलांचे गुच्छ चढवले. म्हणजे माती खरी, घडण खरी, आणि रंगकाम पन्नास-साठ वर्षांनी नंतरचं! विक्रेते याला "सुरदेकोरे" म्हणतात. खूण अशी : वर्षानुवर्षं धूळ-ओल पिऊन बसलेला जुना ग्लेझ पुन्हा भट्टीत गेला की आतून शिंकतो आणि पृष्ठभागावर, विशेषतः पायाजवळ, काळे ठिपके उमटतात. कधी आधीची साधी फुलं आम्लाने काढून वर गडद रंग ओतलेला असतो. तिरपं धरलं तर रंगाखाली पानाची सावली दिसते. पुढच्या काळातल्या शिक्क्यावरून चाकाने आडवा ओरखडा काढलेला असेल तर तो माल कारखान्याने न रंगवताच विकला होता, हेही लक्षात ठेवा.

आता राणी. मारी आंत्वानेत, दू बारी किंवा सोळावा लुई यांची तसबीर, भोवती गडद निळा आणि सोन्याचा पाऊस, हा साचा एकोणिसाव्या शतकातल्या हौशी गिऱ्हाइकांसाठी पिकवला गेला. लुई-फिलिपच्या (1830-48) राजवाड्यांसाठी केलेल्या खऱ्या थाळ्यांवर राजवाड्याचं नाव असलेला लाल गोल शिक्का असतो. तोही मनसोक्त चोरला गेला. पॅरिसमध्ये 1845पासून चाललेल्या सामसोंच्या कारखान्याने तर नकलाच विकल्या, बहुतेकदा स्वतःची खूण घालून. ती खूण पुढे कोणी घासून काढली असेल तर तळाला एक खरखरीत, निस्तेज डाग राहतो. बोट फिरवून पाहा.

तरीही कप-बशी टाकून देण्याजोगी नाही. दीडशे वर्षांचं पॅरिसचं हाताने केलेलं रंगकाम हेही संग्राह्य असतं, फक्त वेगळ्या किमतीचं.

जत्रेतल्या लेबलवर कितपत विसंबावं? शेवटी विकणाराच लिहिणार ना?
*— एक वाचक, ठाणे*

विकणाराच लिहितो, पण शेवटचा शब्द त्याचा नसतो. मास्त्रिख्तला जत्रा उघडण्याआधी दालनं मांडून झाली की विक्रेत्यांना बाहेर जावं लागतं आणि संग्रहालयांचे अभिरक्षक, अभ्यासक, दुरुस्तीतज्ज्ञ यांच्या समित्या वस्तू तपासतात. सोबत अतिनील दिवा, सूक्ष्मदर्शक, क्ष-किरण यंत्र असतं. समितीला काळ पटला नाही तर लेबल बदलायला लावतात. वस्तूच पटली नाही तर ती जत्रा संपेपर्यंत कुलपात जाते. लहान जत्रांत आणि गावच्या जुन्या बाजारात असं काही नसतं, तिथे प्रत्येक जण आपापल्या जबाबदारीवर.

फ्रान्समध्ये खरेदी केली तर मात्र लेबलच्या शब्दाला कायद्याचं वजन आहे. 3 मार्च 1981च्या अध्यादेशानुसार "एपोक" हा शब्द आणि पुढे शतक किंवा राजवट लिहिली, की त्या काळाची हमी विक्रेता देतो, आणि काही भाग नंतरचा असेल तर तसं सांगणं त्याला भाग असतं. "आत्रिब्युए" म्हटलं तर वस्तू त्या कर्त्याच्या काळातली आहे आणि ती त्याचीच असण्याला सबळ आधार आहे, एवढं तो बांधील. "स्तील", "झान्र", "फासों द" या शब्दांमागे कसलीच हमी नाही. "स्तील लुई कँझ" म्हणजे पंधराव्या लुईच्या धर्तीचं. परवा भट्टीतून निघालेलं असलं तरी हे वाक्य खरंच ठरतं. गिऱ्हाइकाने मागितलं तर हा सगळा तपशील पावतीवर लिहून द्यावा लागतो. मागा.

एका दालनात साप, सरडे, बेडूक, मासे असलेली अंडाकृती थाळी पाहिली. एवढी किळसवाणी वस्तू आणि किंमत लाखांच्या घरात! जेवायची होती का ती?
*— एक वाचक, लक्झेंबर्ग*

नाही, मिरवायची होती. हा प्रकार बर्नार पालिसीचा, सोळाव्या शतकातला. मेलेल्या प्राण्यांवरून थेट साचे काढून तो ते थाळीवर बसवी, म्हणून सापाचा खवला न् खवला दिसतो. वर कथलाचा पांढरा थर नाही, शिशाचे पारदर्शक रंगीत ग्लेझ आहेत. खोलगट भागात ते साचून गडद होतात आणि उंचवट्यावर पातळ. फ्रान्सची राजमाता कातरिन द मेदिची हिच्यासाठी त्याने त्वीलरीच्या बागेत अशाच कामाची गुहा करायला घेतली होती, तिच्या कार्यशाळेचे अवशेष पॅरिसमध्ये उत्खननात सापडले. प्रोटेस्टंट धर्म सोडायला तयार नसल्यामुळे बास्तीयच्या तुरुंगात त्याचा शेवट झाला.

त्याने सही केली नाही, त्यामुळे सावध विक्रेता "पालिसी" असं एकटं लिहीत नाही. "पालिसीच्या परंपरेत, सतराव्या शतकाचा आरंभ" यासारखं लेबल अधिक प्रामाणिक समजा. बाजारातल्या थाळ्यांचा मोठा हिस्सा 1840नंतरचा आहे, तूरच्या शार्ल आव्हिसोने ही रीत पुन्हा सुरू केली त्यानंतरचा. त्या काळातल्या थाळ्यांत गर्दी जास्त आणि प्राणी जवळजवळ सुटे उभे राहिलेले असतात. आव्हिसोचं सही केलेलं काम स्वतःच्या नावावर चांगलं विकतं, हेही सांगायला हवं.

दुरुस्त केलेली वस्तू घ्यावी का? आणि दुरुस्ती ओळखायची कशी? विक्रेत्याने "फेल" आणि "एग्रेन्यूर" असं काही लिहिलं होतं.
*— एक वाचक, लियों*

फेल म्हणजे तडा. केसाएवढा असेल तर "शव्हो". एक्ला म्हणजे टवका, आणि एग्रेन्यूर म्हणजे कडेची बारीक कुरतड. फायान्सच्या थाळीची कड कुरतडलेली असणं चालतं. तीनशे वर्षांच्या मऊ मातीची कड अगदी अखंड असेल तर उलट शंका घ्या, कदाचित भरून रंगवली असेल. सेव्रच्या कपावरचा तडा मात्र किंमत जोरात पाडतो.

ओळखायला आधी हात. ग्लेझ गार लागतो, राळेचा रंग तितका गार लागत नाही आणि नखाला किंचित मऊ वाटतो. मग तिरपा उजेड : खऱ्या ग्लेझमध्ये बुडबुडे आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात, फवारलेल्या रंगात ती थांबतात आणि तिथे दाणेदार धूळ दिसते. अतिनील दिव्याखाली जुनी राळ वेगळी चमकते, पण आता न चमकणारी द्रव्यंही मिळतात, तेव्हा दिव्याने "काही दिसलं नाही" म्हणजे "दुरुस्ती नाही" असं नव्हे. टिचकीचा आवाज सांगतोच, तडा गेलेली थाळी बद्द वाजते. जत्रेत स्वतः टिचकी मारू नका, विक्रेत्याला वाजवायला सांगा.

जुन्या धातूच्या टाचा मारलेल्या थाळ्यांना आम्ही पसंती देऊ. फिरत्या दुरुस्तीवाल्यांनी आरपार न जाणारी भोकं पाडून, तार ताणून बसवलेल्या या टाचा काही लपवत नाहीत. त्या काढायला जाऊ नका. मात्र भांडं पाण्यात बुडवलंत तर लोखंडी टाच गंजते आणि गंज ग्लेझखाली मातीत पसरतो.

पाणी हा फायान्सचा शत्रूच. तड्यातून ते सच्छिद्र मातीत शिरतं आणि सुकताना मळ कडेला आणतं. कपड्यांचा ब्लीच तर अजिबात नको : क्लोरीनचे क्षार मातीत राहतात, सुकून फुलतात आणि काही महिन्यांत ग्लेझचे पोपडे उडतात. कोमट शुद्ध पाण्यात कापसाचा बोळा पिळून पुसायचं, सोनं वगळून.

छोटं कलादालन चालवतो. एका संग्राहकाच्या दहा-बारा फ्रेंच थाळ्या मांडायच्या आहेत. बाहेरच्या जत्रांत त्या भिंतीवर तरंगल्यासारख्या दिसतात, ते कसं करतात?
*— एक वाचक, कोल्हापूर*

भिंतीतून बाहेर आलेल्या पितळी किंवा स्टीलच्या तीन-चार आकड्यांवर. खाली दोन, वर एक-दोन, प्रत्येकावर मऊ सिलिकॉनची नळी चढवलेली. वजन खालच्या दोघांवर, वरचा फक्त पुढे झुकू देत नाही. थाळीनुसार आकडा वाकवून घ्यावा लागतो, म्हणून धातूचं काम करणारा कारागीर जागेवर हवा. दुकानात मिळणारे स्प्रिंगचे हँगर वापरू नका. चारी बाजूंनी सतत ताण राहतो आणि आधीचा केसाएवढा तडा एके रात्री पुढे सरकतो.

कपाटातल्या उभ्या वस्तूंच्या पायाखाली संग्रहालयांत वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण, वाटाण्याएवढे तीन गोळे. पण फायान्सचा पाय उघड्या मातीचा असेल तर मेणाचं तेल शोषलं जाऊन डाग पडतो. मध्ये पारदर्शक पातळ पत्रा ठेवा. भिंतीला पोस्टर चिकटवायचा निळा गोळा कुठेच नको. कपाट नव्या एमडीएफचं असेल तर ते आम्लाची वाफ सोडतं आणि क्षार असलेल्या जुन्या मातीवर पांढरी बुरशीसारखी फुलोर येते; रंग-वार्निश पूर्ण सुकवून काही आठवडे उघडं ठेवा. मातीला आणि ग्लेझला उजेडाने काही होत नाही, दुरुस्तीची राळ मात्र पिवळी पडते, तेव्हा एलईडी लावा आणि तेही काचेबाहेर.

थाळीचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास. पांढरी भिंत टाळा. फायान्सचा पांढरा किंचित निळसर-गुलाबी असतो, शुभ्र भिंतीवर तो मळका दिसतो. करडा किंवा फिकट गेरू चांगला. आणि निदान एका थाळीखाली आरसा ठेवून तळ दाखवा. भाजताना भांडं ज्या टोकांवर टेकलेलं असतं त्यांचे तीन डाग पाहून लोक थबकतात.

एक लहान फायान्सची थाळी घेऊन सुट्टीत नाशिकला यायचं आहे. काही अडचण?
*— एक वाचक, स्टुटगार्ट*

युरोपीय संघाबाहेर नेताना, 50,000 युरोंहून महाग जुन्या मातीकामाला निर्यात परवाना लागतो. लहान थाळीला बहुधा हा प्रश्न येणार नाही. भारतात शिरताना काळ, बनावटीचं ठिकाण आणि किंमत लिहिलेली मूळ पावती जवळ ठेवा आणि सीमाशुल्काला विचारून घ्या. खरी अडचण परत नेताना येते. 1972च्या पुरावशेष कायद्यात निदान 100 वर्षं जुनी कलावस्तू ही पुरावशेष ठरते, ती भारतात बनलेली असावी अशी अट त्या व्याख्येत नाही, आणि पुरावशेष देशाबाहेर नेण्याची खासगी व्यक्तीला मुभा नाही. पुढेमागे थाळी परत न्यायची असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे लेखी चौकशी करा.

बांधताना आम्लरहित कागद आत, बबलरॅप बाहेर आणि बुडबुडे बाहेरच्या अंगाला. ते थेट सोन्यावर किंवा दुरुस्तीच्या रंगावर टेकले की गोल वण उठतात. वर्तमानपत्र नको, शाई उघड्या मातीत उतरते. खोक्यात खोकं, मध्ये सगळ्या बाजूंनी 5 सेंटीमीटर मऊ भरण. थाळी आडवी कधीच ठेवायची नाही, कडेवर उभी. विमा घेतलात तर "नाजूक वस्तूची मोडतोड" वगळलेली नाही ना, हे वाचून पाहा. बहुतेक साध्या पॉलिसींत ती वगळलेलीच असते.

युरोपला जाणं शक्य नाही. भारतात अस्सल फ्रेंच पोर्सिलेन कुठे पाहायला मिळेल?
*— एक वाचक, सोलापूर*

तुम्हाला जवळचं म्हणजे हैदराबादचं सालारजंग संग्रहालय. टिपू सुलतानाचे वकील 1788 साली पॅरिसला गेले तेव्हा सोळाव्या लुईने सेव्रचं पोर्सिलेन भेट दिलं होतं. त्यांतला म्हणून ओळखला जाणारा संच तिथे आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा संग्रहातल्या युरोपीय सजावटीच्या वस्तू पाहा. हैदराबादला शुक्रवारी जाऊ नका, त्या दिवशी सालारजंग बंद असतं.